अंदलूस ते वऱ्हाड : तख्त डळमळते तेव्हा रयत कुठे असते?

कौंडण्यपूरच्या घाटावर उभे राहिले की समोर वर्धा नदीचे पात्र दिसते. अलीकडचा तीर अमरावती जिल्ह्याचा, पलीकडचा वर्धा जिल्ह्याचा. गाव रुक्मिणीचे माहेर म्हणून प्रसिद्ध. प्राचीन विदर्भाची राजधानी येथेच होती असे परंपरा सांगते. आषाढीला येथून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला जाते. १९६० नंतरच्या दशकात मोरेश्वर दीक्षित यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा या टेकाडाखाली खरोखरच फार जुनी वस्ती दडलेली असल्याचे दिसून आले. आम्ही वऱ्हाडातील माणसे या गावाला पुराणाच्या चष्म्यातून पाहतो आणि परत येतो. पण नदीकडे थोडा वेळ पाहत राहिले की दुसराच इतिहास आठवू लागतो. एके काळी ही नदी दोन राज्यांची सरहद्द होती. अलीकडे हैदराबादचा निजाम, पलीकडे नागपूरकर भोसले. १८५३ साली अलीकडचा तीर इंग्रजांच्या हाती गेला आणि १८५४ साली पलीकडचाही गेला. दोन तख्ते दोन वर्षांत या काठांवरून उठली. काठावरच्या शेतकऱ्याला, विणकऱ्याला, कोळ्याला, तकियातल्या फकिराला याबद्दल कोणी काही विचारले नाही.

हा लेख त्या न विचारलेल्या माणसांविषयी आहे. पण तो सांगण्यासाठी आम्हाला आधी फार दूर, स्पेनला जावे लागेल.

आम्हा मुसलमानांच्या बोलण्यात स्पेन येतो तो अंदलूस म्हणून. कुर्तुबाची मशीद, अलहम्राचे महाल, इब्न रुश्दचे नाव, आणि मग १४९२ साल. अबू अब्दुल्लाहने ग्रानाडाच्या चाव्या दिल्या, आणि आमचा स्पेन तेथेच संपतो. त्यानंतर त्या देशात काय झाले याची चौकशी आम्ही सहसा करीत नाही. फार तर १६०९ ते १६१४ या काळात सुमारे तीन लाख मोरिस्कोंना, म्हणजे सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, देशाबाहेर काढले, एवढे आठवते. वयानुसार दुखणे जुने होते, तसे ते आम्ही जपून ठेवले आहे.

पण ज्या सत्तेने हे सारे केले, तिचे पुढे काय झाले? स्पेनचा राजा अनियंत्रित होता. देव, धर्मपीठ आणि राजा यांच्यात रयतेला जागा नव्हती. १४७८ साली स्थापन झालेले इन्क्विझिशन, म्हणजे श्रद्धेची झडती घेणारे न्यायासन, हे त्या राजसत्तेचे हत्यार होते. ज्यू, मुसलमान, प्रॉटेस्टंट आणि शेवटी स्वतंत्र विचार करणारा कोणताही ख्रिस्ती त्याच्या कचाट्यात सापडे. जी सत्ता परक्याचा श्वास कोंडते, ती शेवटी आपल्याही माणसाचा कोंडते, हे स्पेनच्या इतिहासाने दाखवून दिले आहे.

१८०८ साली त्या सत्तेचा पाया हलला. नेपोलियनने बायोन या फ्रेंच गावी राजा चौथा कार्लोस आणि त्याचा मुलगा सातवा फर्नांदो या दोघांकडून राजीनामे घेतले आणि आपला भाऊ जोसेफ याला स्पेनच्या तख्तावर बसवले. खजिना आधीच कर्जात बुडालेला होता. राजा कैदेत, दरबार गप्प. अशा वेळी २ मे १८०८ रोजी माद्रिदची सामान्य माणसे रस्त्यावर आली. गावोगावी लोकांच्या समित्या उभ्या राहिल्या. राजा नसताना राज्य कोणाचे, हा प्रश्न पहिल्यांदाच उघड विचारला गेला. त्याचे उत्तर १८१० साली बसलेल्या संसदेने, कोर्तेसने, दिले. फ्रेंच तोफांचा वेढा पडला असताना कादिझ या बंदराच्या शहरात १९ मार्च १८१२ रोजी ३८४ कलमांचे संविधान जाहीर झाले. सार्वभौमत्व राष्ट्राचे आहे, राजाचे नाही, असे त्यात लिहिले होते. पुढच्याच वर्षी त्या संसदेने इन्क्विझिशन बरखास्त केले. राजकीय अर्थाने ‘लिबरल’ हा शब्द जगभर गेला तो याच कादिझमधून.

त्यात उणिवा नव्हत्या असे नाही. कॅथलिक धर्माखेरीज दुसरा धर्म त्या संविधानाने मान्य केला नाही. अमेरिकेतील आफ्रिकी वंशाच्या लोकांना नागरिकत्व नाकारले. उदारमतवादाची पहिली पहाट अशी अर्धवट होती. आणि तीही टिकली नाही. १८१४ साली फर्नांदो परत आला, त्याने संविधान रद्द केले आणि इन्क्विझिशन पुन्हा सुरू केले. आश्चर्य म्हणजे अनेक ठिकाणी गर्दीने त्याचे स्वागत ‘बेड्या चिरायू होवोत’ अशा घोषणांनी केले. १८२० साली रिएगो या लष्करी अधिकाऱ्याने संविधानासाठी बंड केले, ते यशस्वीही झाले. १८२३ साली फ्रेंच फौजा पुन्हा आल्या आणि राजाला त्याची अनियंत्रित सत्ता परत मिळवून दिली. रिएगोला फाशी झाली. १८३३ मध्ये फर्नांदो मेला, भाऊबंदकीचे युद्ध पेटले, आणि त्या युद्धाच्या धामधुमीत १८३४ साली इन्क्विझिशन कायमचे बंद झाले. १८३७ साली नवे संविधान आले.

म्हणजे ज्या सत्तेने अंदलूसच्या शेवटच्या वंशजांना हाकलले, ती सत्ता मोडली ती कोणा सुलतानाने नव्हे. तिच्याच रयतेने ती मोडली. हे आम्ही आमच्या मुलांना कधी सांगितले आहे काय?

त्या कादिझची हवा आमच्या देशातही आली होती. कलकत्त्यात राजा राममोहन रॉय हे स्पेन आणि इटलीतील घडामोडींवर लक्ष ठेवून असत. संविधानाच्या एका स्पॅनिश प्रतीवर त्यांच्या नावे अर्पणपत्रिका छापली गेली होती. १८२२ साली त्यांनी ‘मिरात-उल-अखबार’ हे फारसी वृत्तपत्र सुरू केले आणि १८२३ मध्ये कंपनी सरकारने छापखान्यांवर निर्बंध घातले तेव्हा निषेध म्हणून बंद केले. इकडे गोव्यात १८१२ साली इन्क्विझिशन संपले. १८२० साली पोर्तुगालमध्ये कादिझच्याच धर्तीवर क्रांती झाली आणि १८२२ मध्ये गोव्यातून तीन प्रतिनिधी लिस्बनच्या संसदेसाठी निवडले गेले. त्यांतले बेर्नार्दो पेरिश द सिल्व्हा हे मूळचे गोव्याचेच. कोकणच्या किनाऱ्याला ही लाट लागली. वर्धेच्या काठाला मात्र ती पोहोचली नाही. येथे दुसरेच काही घडत होते.

या दोन कथांना जोडणारा एक माणूस आहे, आणि तो आमच्या वऱ्हाडातून गेलेला आहे. आर्थर वेलस्ली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावच्या माळावर त्याने भोसले व शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. दोनच दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावचा तह झाला आणि ३० डिसेंबरला शिंद्यांशी सुर्जी अंजनगावचा. दोन्ही तह वऱ्हाडच्या भूमीवरच झाले. भोसल्यांनी वर्धेच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि इंग्रजांनी तो आपल्या मित्राला, निजामाला, दिला. तोवर येथे दोअमली होती, म्हणजे एकाच गावातून निजामाचा अंमलदारही वसुली करी आणि भोसल्यांचाही. तीतून रयत सुटली. १८२२ च्या तहाने वर्धा नदी ही पक्की सरहद्द ठरली.

हाच वेलस्ली पुढे स्पेन-पोर्तुगालच्या युद्धावर गेला. १८१२ मध्ये सालामांका जिंकून माद्रिदमध्ये शिरला. कादिझच्या संसदेने त्याला स्पॅनिश सैन्याचे सरसेनापतीपद दिले. त्या वर्षाअखेरीस तो स्वतः कादिझला गेला. पण तेथले संविधान त्याला पसंत नव्हते. पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून इंग्लंडचा पंतप्रधान झाल्यावरही मताधिकार वाढवण्यास त्याने विरोध केला आणि त्यावरूनच १८३० मध्ये त्याचे मंत्रिमंडळ गेले. वऱ्हाडात त्याने एका राजाकडून मुलूख काढून दुसऱ्या राजाला दिला. स्पेनमध्ये त्याने परक्या राजाला हाकलून जुन्या राजाचा मार्ग मोकळा केला. दोन्हीकडे तलवार एकच होती. पण स्पेनमध्ये ती चालत असताना लोक संविधान लिहीत होते, आणि आमच्याकडे लोक पेरणी करीत होते. या फरकाचे कारण शोधायला हवे.

निजामाच्या राजसत्तेचा जन्मही एका अर्थाने वऱ्हाडातला. १७२० मध्ये बाळापूरजवळ निजाम-उल-मुल्कने आलम अली खानाचा पराभव केला, आणि १७२४ मध्ये आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्ड्याला मुबारिझ खान मारला गेला. त्या विजयातून हैदराबादचे स्वतंत्र राज्य उभे राहिले. त्याआधी अचलपूरची इमादशाही, अहमदनगरची निजामशाही आणि मोगल अशी हुकूमतींची रांग वऱ्हाडने पाहिली होती. १४९० साली इमादशाही स्थापन करणारा फतहुल्लाह हा मूळचा विजयनगरकडचा ब्राह्मण मुलगा. तेव्हा तख्त आणि धर्म यांचे नाते आम्ही समजतो तितके सरळ कधीच नव्हते.

एकोणिसाव्या शतकात हैदराबादचे दरबारी वैभव डोळे दिपवणारे होते, पण पाया पोखरला गेला होता. त्याची कारणे तीन सांगता येतील, आणि तिन्ही स्पेनच्या कारणांशी जुळणारी आहेत.

पहिले कर्ज. १८१६ पासून पामर अँड कंपनी ही पेढी निजाम सरकारला पैसे पुरवू लागली. तिचा प्रमुख विल्यम पामर हा इंग्रज सेनाधिकारी आणि मुस्लिम बेगम यांचा मुलगा. १८२० मध्ये या पेढीने ६० लाखांचे कर्ज दिले. रेसिडेंट मेटकाफ याने या व्यवहाराला हरकत घेतली आणि मोठे प्रकरण झाले. कर्ज फेडण्यासाठी निजामाला उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनीकडून दरवर्षी मिळणाऱ्या सुमारे ७ लाखांच्या पेशकशीवर कायमचे पाणी सोडावे लागले.

दुसरे कारण फौज. निजामाच्या खर्चाने, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमतीखाली ‘हैदराबाद कंटिंजंट’ उभी झाली. तिची एक छावणी आमच्या अचलपूरजवळ होती. पैसा राजाचा आणि हुकूम परक्याचा, अशी ती फौज. पगार थकला की कंपनी तो भरी आणि निजामाच्या नावे लिहून ठेवी.

तिसरे कारण वसुलीची पद्धत. राजाला पैशाची निकड होती आणि सावकाराकडे पैसा होता. मग महाल इजाऱ्याने, म्हणजे मक्त्याने, सावकाराला द्यायचे आणि त्याने रयतेकडून काढून घ्यायचे. चंदूलाल या दिवाणाच्या काळात वऱ्हाडचा मोठा भाग पूरणमल या सावकाराकडे होता. १८४१ मध्ये पेस्तनजी आणि कंपनी या पारशी व्यापाऱ्यांना येथला महसूल लावून दिला गेला. याच पेस्तनजींनी १८२५-२६ मध्ये वऱ्हाडचा कापूस पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर मुंबईला नेला आणि खामगावसारख्या ठिकाणी कापूस दाबण्याचे यंत्र बसवले. ते उद्योगी माणसे होते, यात शंका नाही. पण राज्य चालवणे हा व्यापार झाला की रयत हा माल होतो. १८४३ मध्ये चंदूलालने राजीनामा दिला तेव्हा खजिन्यात काही उरलेच नव्हते.

आता पाहा. राजा मुसलमान, दिवाण हिंदू, सावकार कधी मारवाडी, कधी पारशी, कधी फिरंगी, फौजेचे अधिकारी इंग्रज. आणि पोटाला चिमटा घेऊन हे सारे पोसणारा वऱ्हाडचा कुणबी, माळी, महार, आणि त्याच्याच शेजारचा मुसलमान शेतकरी, मोमीन, पिंजारी, कसाई, बागवान. इजारदाराने वसुली करताना कलमा विचारून सूट दिली नाही. ‘आमचे राज्य होते’ असे आमच्याकडे अनेकदा अभिमानाने म्हटले जाते. आम्ही विचारतो, त्या राज्यात आमच्या पिंजाऱ्याचे काय होते?

२१ मे १८५३ रोजी लॉर्ड डलहौसीच्या दडपणाखाली नासिर-उद्-दौला यांनी तह केला. कंटिंजंटच्या खर्चासाठी वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्गकडील महाल कंपनीच्या ताब्यात दिले गेले. त्याबदली कंपनीने ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि चार तोफखाने सांभाळायचे. १८६० मध्ये ५० लाखांचे कर्ज माफ झाले, दुआब आणि धाराशिव परत मिळाले. वऱ्हाड मात्र राहिले. कापूस पिकवणारी काळी जमीन कोण परत देतो? पहिले सालारजंग यांनी राज्यकारभार खूप सुधारला, जिल्हाबंदी केली, इजारे मोडले, आणि वऱ्हाड परत मिळावे म्हणून आयुष्यभर खटपट केली. १८७६ मध्ये ते इंग्लंडला जाऊन आले. पण उपयोग झाला नाही.

येथे स्पेन आणि वऱ्हाड यांच्या वाटा वेगळ्या होतात. राजा हतबल झाला तेव्हा स्पेनमध्ये रिकामी जागा गावोगावच्या समित्यांनी भरली. वऱ्हाडात ती कंपनीने भरली. तेथे प्रजेने राजाला विचारले की सत्ता कोणाची. येथे सावकाराने राजाला विचारले की पैसे कधी देणार. तेथल्या शहरांत छापखाने होते, विद्यापीठे होती, अमेरिकेशी व्यापार करणारा स्वतंत्र मध्यमवर्ग होता. आमच्याकडे जो थोडाफार धनिक वर्ग होता, त्याची भाकरी दरबाराच्या चुलीवर भाजली जात होती. तो राजाला प्रश्न कसा विचारणार?

म्हणून वऱ्हाडात उदारमतवाद आला तो उलट्या वाटेने. आधी कायदा आला आणि हक्क फार उशिरा आले. जमिनीची मोजणी झाली, रयतवारी बंदोबस्त आला, इजारदार गेला. आगगाडी बडनेऱ्यावरून १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. अमेरिकेतील यादवीमुळे कापसाला सोन्याचा भाव आला. १८८६ मध्ये कारंजाला नियमांनी बांधलेला कापसाचा बाजार सुरू झाला आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला. हिंदुस्थानातील बाजार समित्यांच्या इतिहासाचे पहिले पान हे आहे. पण हे सारे हुकमाने होत होते. १९०३ पर्यंत वऱ्हाडचा कारभार हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट पाही. येथे विधिमंडळ नव्हते. राजा गेला होता, पण अनियंत्रित सत्ता गेली नव्हती. तिने फक्त फेटा उतरवून टोपी घातली होती. १८९९-१९०० च्या दुष्काळाने तिची कसोटी लागली. १८९१ मध्ये सुमारे २९ लाख असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ मध्ये सुमारे साडेसत्तावीस लाखांवर आली. आगगाडी होती, बाजार होता, कायदा होता. धान्य विकत घ्यायला पैसा नव्हता, आणि जाब विचारायला सभागृह नव्हते.

प्रश्न विचारण्याची सुरुवात १८९७ मध्ये अमरावतीला झाली. राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली तेथे भरले. स्वागताध्यक्ष होते दादासाहेब खापर्डे. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली होती. एका छोट्या वऱ्हाडी शहरात देशभरची माणसे जमून सरकारला सवाल करीत होती. कादिझपासून ८५ वर्षांनी का होईना, वर्धेच्या अलीकडे ते वारे पोहोचले.

१९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने लिहून घेतले आणि १९०३ मध्ये ते मध्यप्रांताला जोडले. सुमारे साडेसत्तावीस लाख माणसांचा मुलूख दोन माणसांत पट्ट्याने दिला-घेतला गेला. त्यातून एक विचित्र अवस्था आली. वऱ्हाड कायद्याने निजामाचा मुलूख, कारभाराने इंग्रजांचा. १९२० नंतर मध्यप्रांताच्या विधिमंडळात वऱ्हाडचे प्रतिनिधी जाऊ लागले, पण वऱ्हाड ब्रिटिश हिंदुस्थान नसल्याने लोकांनी निवडून दिलेला माणूसही कागदोपत्री सरकारने ‘नेमलेला’ दाखवावा लागे. लोकांचे मत होते, पण त्याला स्वतःचे नाव नव्हते.

आणि मग आला १९२३ सालचा तो प्रसंग, ज्याकडे आम्हाला वाचकांचे लक्ष मुद्दाम वेधायचे आहे. मीर उस्मान अली खान यांनी २५ ऑक्टोबर १९२३ रोजी व्हाइसरॉयला पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. त्या पत्रात त्यांनी वचन दिले की वऱ्हाड मिळाल्यास तेथल्या जनतेला संविधान देऊ, जबाबदार राज्यपद्धती देऊ, आपण नेमलेल्या राज्यपालाखाली अंतर्गत कारभार संपूर्णपणे लोकांच्या हाती राहील. अनियंत्रित राजाने आपण होऊन संविधान देऊ केले! फर्नांदोला जे दोनदा बंड होऊनही मनापासून मान्य झाले नाही, ते उस्मान अली खान पत्राने देत होते.

पण वऱ्हाडच्या राष्ट्रीय पुढाऱ्यांनी हा प्रस्ताव नाकारला. का नाकारला? मुसलमान राजा नको म्हणून, असे काहींनी तेव्हा म्हटले आणि काही आजही म्हणतात. तशी भावना कोणाच्याच मनात नव्हती, असा दावा आम्ही करणार नाही. पण त्याहून साधे कारण डोळ्यांसमोर होते. जे संविधान वऱ्हाडला देऊ केले जात होते, ते शेजारच्या मराठवाड्याला दिलेले नव्हते. औरंगाबाद, परभणी, नांदेडच्या प्रजेला सभा घ्यायची तर परवानगी लागे. ‘गश्ती निशाण ५३’ हे नाव तेथल्या जुन्या माणसांच्या तोंडी असे, ते याच निर्बंधाचे. जो घरात भाकरी देत नाही, तो शेजाऱ्याला बिर्याणीचे आमंत्रण देतो, तेव्हा शेजारी विचार करणारच. १९२६ मध्ये लॉर्ड रीडिंगने निजामाला उलट उत्तर दिले की इंग्रजांचे सार्वभौमत्व सर्वांच्या वर आहे. राजाला त्याची जागा दाखवली गेली. पण वऱ्हाडच्या प्रजेला काय हवे, हे ना राजाने विचारले, ना व्हाइसरॉयने.

१९३६ च्या करारात निजामाचे वऱ्हाडवरील नाममात्र स्वामित्व मान्य झाले. त्यांची पदवी ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचे निजाम’ अशी झाली आणि युवराज आझम जाह यांना ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हटले जाऊ लागले. त्यांच्या बेगम दुर्रेशहवार या तुर्कस्तानच्या शेवटच्या खलिफाच्या कन्या. उस्मानी खिलाफतीची लेक आमच्या वऱ्हाडची राजवधू! हे ऐकून आमच्या आजोबांच्या पिढीचे डोळे चमकत. पण या युवराजांनी वऱ्हाडवर एक दिवसही राज्य केले नाही. त्यांच्या पदवीने मोर्शीच्या विणकराचा एक हातमागही वाचला नाही.

यानंतरचे सांगताना हात जड होतो. १९३७ च्या निवडणुकांनी मध्यप्रांत-वऱ्हाडात लोकांचे मंत्रिमंडळ आले. हैदराबादेत मात्र १९३८ मध्ये स्टेट काँग्रेसवर बंदी आली. सुधारणांच्या घोषणा झाल्या, पण तख्त आपली जागा सोडीना. उलट, राजाची सत्ता हीच मुसलमानांची सत्ता, असा सिद्धांत मांडला गेला. गरीब मुसलमानाला सांगितले गेले की तूच मालक आहेस. ज्याच्या घरी चूल पेटत नव्हती, त्याला कागदावर राजा केले. ‘बेड्या चिरायू होवोत’ ही स्पेनमधली घोषणा आम्हाला येथे आठवते. या भुलीविरुद्ध बोलणारे मुसलमानही होते. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्लाह खान यांनी लिहिले की प्रजेच्या इच्छेप्रमाणे भारतात सामील व्हावे. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांचा खून झाला. आमच्या सभा-संमेलनांत त्यांचे नाव जितक्या वेळा घ्यायला हवे, तितक्या वेळा घेतले जात नाही.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा हैदराबादेत शिरल्या आणि पाच दिवसांत सारे आटोपले. राजा महालात सुखरूप राहिला. पुढे राजप्रमुख झाला, १९५६ पर्यंत. पण मराठवाड्यातील आणि आसपासच्या खेड्यांतील मुसलमानांचे काय झाले? पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांच्या समितीने दौरा करून अहवाल दिला. किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा तिचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. तो अहवाल अनेक दशके दडवून ठेवला गेला आणि २०१३ च्या सुमारास सर्वांना पाहता आला. रझाकारांनी केलेले जुलूम खरे होते. त्यांचा बदला मात्र ज्यांनी कधी हातात काठीही धरली नव्हती, अशांकडून घेतला गेला. दोन्ही जखमा खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी झाकत नाही. तख्ताचा गर्व तख्ताने केला आणि त्याची किंमत शिंप्याने, तांबोळ्याने, शेतमजुराने भरली.

वर्धेच्या काठचे आमचे लोक त्या आगीतून वाचले. ते का वाचले? येथला हिंदू अधिक भला किंवा येथला मुसलमान अधिक शहाणा, म्हणून नव्हे. आम्हाला वाटते, येथे राजसत्तेचा प्रश्न जवळजवळ शंभर वर्षे आधीच मिटलेला होता, हे त्याचे मोठे कारण. येथल्या मुसलमानाला कोणी सांगू शकत नव्हते की तख्त तुझे आहे. तो मतदार होता, बाजारातला विक्रेता होता, नगरपालिकेचा सभासद होता, शाळामास्तर होता. गोरगरिबाला तख्ताच्या सावलीपेक्षा हे छोटेसे नागरिकपण अधिक उपयोगी पडले.

इस्लामच्या इतिहासात पहिल्या चार खलिफांपैकी कोणीही बापाच्या गादीवर बसला नाही. शूरा, म्हणजे सल्लामसलत, हा कुरआनचा शब्द आहे. मलिकशाही नंतर आली. तेव्हा राजाच्या पराभवाला धर्माचा पराभव समजून शतकानुशतके उसासे टाकणे, हे ना इतिहासाला धरून आहे, ना दीनला. अंदलूसचे दुःख करावे, जरूर करावे. पण ते दुःख केवळ महालांचे नसावे. श्रद्धेची झडती घेणाऱ्या सत्तेने माणसांना घराबाहेर काढले, हे ते दुःख आहे. तसे असेल, तर मग अशी झडती कोणीही, कोणाचीही, कोठेही घेऊ लागले की आमचा आवाज उठला पाहिजे. २६ जानेवारी १९५० रोजी या देशाने जे संविधान लागू केले, त्यात कादिझच्या संविधानातली मोठी उणीव भरून निघाली. राज्याचा धर्म सांगितलेला नाही आणि प्रत्येकाला आपला धर्म पाळण्याचा हक्क दिला आहे. कोणत्याही निजामाने, कोणत्याही व्हाइसरॉयने हे आम्हाला दिले नव्हते.

पण स्पेनचा धडा एवढ्यावर संपत नाही. १८१२ चे संविधान दोन वर्षांत रद्द झाले, कारण ज्यांच्यासाठी ते लिहिले त्यांच्यापैकी बहुतेकांनी ते वाचले नव्हते आणि राजा परत आला तेव्हा ते आनंदाने नाचले. संविधान कागदावर मिळते, पण टिकते ते लोकांच्या सवयीत. आमच्या मोहल्ल्यातील मुलाला अबू अब्दुल्लाहचे आणि निजामाच्या हिऱ्यांचे नाव माहीत असावे, आणि आपल्या हक्काचे कलम माहीत नसावे, ही लाजेची गोष्ट आहे.

कौंडण्यपूरच्या घाटावरून संध्याकाळी परतताना आम्हाला त्या गावाची जुनी कथा पुन्हा आठवली. येथल्या राजकन्येने भावाची मर्जी झुगारून आपली निवड स्वतः केली, असे आमचे शेजारी शतकानुशतके सांगत आले आहेत. नदीच्या दोन्ही तीरांवर कोणाचेही तख्त आता नाही. एका तीरावरची मुले दुसऱ्या तीरावरच्या शाळेत जातात, आणि निवडणुकीच्या दिवशी दोन्हीकडे रांगा लागतात. आम्ही त्या रांगेत उभे राहतो. आमच्या पणजोबांना जे कोणी विचारले नाही, ते आम्हाला तेथे विचारले जाते. त्याचे उत्तर नीट, विचार करून आणि न घाबरता देणे, एवढे तरी आमच्या हाती आहे.